म आणि नि

माझ्या नातीला मोबाईलवरून पियानो शिकवतात. पियानो म्हणजे काय, टेबलावर ठेवायचा कीबोर्ड. वायर भिंतीत खोचली की बोलायला लागतो. परवा धाराशिवला लेकाकडं गेले तर पोरगी एका बोटानं पाचच काळ्या पट्ट्या वाजवत बसलेली. वर-खाली, वर-खाली. कानाला गोड लागत होतं, खोटं कशाला बोलू. पण माझा हात आपसूक कमरेवर गेला.

"पाचच का गं?"

"आजी, हा पाच सुरांचाच स्केल असतो. टीचरनं सांगितलंय, फक्त ह्याच वाजवायच्या."

"आणि बाकीच्या? त्या काय शोभेला बसवल्यात?"

"त्या ह्यात नसतात."

"नसतात म्हणजे? कुणी काढल्या?"

पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, की जसा काही मी तिच्या टीचरवर चोरीचा आळ घेतलाय. तसा घेतलाच होता म्हणा. माझा स्वभावच तो. भाजीवाल्याचा काटा, रिक्षावाल्याचा रस्ता, डॉक्टरचं "काही नाही, साधा ताप आहे", यातलं मी काहीच तपासल्याशिवाय पदरात घेत नाही. लेक म्हणतो, आईकडं बघून कुणी नुसतं हसलं तरी ती पावती मागेल. म्हणू दे. पण "कुणी काढल्या" हा प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या वडिलांचा, अण्णांचा. त्यांनी तो विचारला तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन, त्यांच्या बाजूला उभी होते.

ते दिवस आठवायला लागले की मला आधी वास येतात. शाळेत वाटायच्या सुकडीचा गोडसर, जरासा करपलेला वास. टँकरच्या पाण्याचा गंजका वास. दिवसभर खडी फोडून आलेल्या मायच्या लुगड्याला येणारा दगडाच्या भुकटीचा वास. तो जायचा नाही, कारण लुगडं धुवायला पाणीच नव्हतं. बाहत्तरचा दुष्काळ पुढं सरला, पाऊस परत आला, पण माणसं पहिल्यासारखी झाली नाहीत. घागर काठोकाठ भरलेली असली तरी माय येता-जाता ती हलवून बघायची. कुणी काही देतो म्हटलं की "का देतोय?" हे आधी विचारायचं. खरं तर आमच्या वस्तीची ही सवय दुष्काळाच्याही आधीची. दुष्काळानं तिला नुसतं खतपाणी घातलं.

ईट गावच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल, एवढ्या अंतरावर आमचं गाव. गावाच्या कडेला आमची वस्ती, धम्म घेतलेली. समाजमंदिरात एक हातपेटी होती. वस्तीची गायन पार्टी होती, आणि किसनतात्या तिचे म्होरके. तात्यांचा आवाज असा की खडीच्या कामावर त्यांनी एक ओळ उचलली की पार पलीकडच्या टोकाच्या बायका हातोडी थांबवायच्या. पण पेटी वाजवणारा माणूस दुष्काळात भिवंडीला गेला आणि तिकडचाच झाला. त्या वर्षी जयंतीला आमची पार्टी नुसत्या ढोलकीवर गायली. गावातली पोरं दुसऱ्या दिवशी आडावर हसली, "यंदा तुमची जयंती बोबडी झाली म्हनं."

ते बोलणं वस्तीला फार लागलं. माझी माय तर आठवडाभर आडावर कुणाशी बोलली नाही. मग समाजमंदिरात बैठक बसली आणि ठरलं, की पुढच्या जयंतीपर्यंत आपल्यातल्या एका पोराला पेटी आली पाहिजे. कुणाला? माझ्या नावावर बोट पडलं. माझी बोटं लांब होती, आणि अण्णांना महिन्याचा पगार होता. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उडीच मारली असती, कारण पाठ्यपुस्तक सोडून दुसरं काही शिकायला मिळणं म्हणजे मला लग्नाच्या पंगतीचं बोलावणं आल्यासारखं झालं होतं.

अण्णा दूध सोसायटीत होते. दुष्काळानंतर गावोगावी सोसायट्या निघाल्या, तशी आमच्याकडंही निघाली. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, तपासायचं, ॲल्युमिनियमच्या कॅनमधून ट्रकवर चढवायचं. अण्णांचं काम तपासायचं. लॅक्टोमीटर म्हणजे खाली छऱ्यांचं वजन असलेली काचेची कांडी. ती दुधात सोडायची आणि ती कुठवर बुडते ते बघायचं. सुरवातीला काही जणांचा आग्रह होता, की ह्यांनी कांडी तेवढी बुडवावी, कॅनला हात लावू नये. मग दूध वाढलं, घाई वाढली, ट्रकवाला हॉर्न मारायला लागला, आणि तो आग्रह कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. अण्णांना मात्र तो कायम ध्यानात होता.

सगळं गाव अण्णांवर संशय घ्यायचं आणि अण्णा सगळ्या गावावर. त्यांची एक रीत होती. कांडी नंतर बुडवायची, आधी नुसतं विचारायचं, "आज पातळ का हो?" ज्यानं पाणी घातलंय त्याच्याकडं उत्तर तयार. म्हस लई पानी प्याली. वैरण ओली व्हती. रेडकू आधी पिऊन गेलं. आणि जिचं दूध खरंच पातळ पडलंय, ती बाई गोंधळून कॅनकडंच बघत राहायची. "काय की बाई, कळंना मला," म्हणायची. अण्णा घरी सांगायचे, "तयार उत्तर आलं की समजायचं, भेसळ हाय." हे वाक्य आमच्या घरात मीठ-मिरचीइतकं नेहमीचं होतं. मायनं "भाकरी का करपली" याला तयार उत्तर दिलं तरी अण्णा भुवई वर करायचे आणि मग माय त्यांना जे काही बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मास्तर गावात आले ते पायपेटीसकट. नाटक कंपनीत वाजवायचे, कंपनी दुष्काळात बसली. सोसायटीच्या चेअरमननं त्यांना गोडाऊनशेजारची खोली दिली, आपल्या पोरीला, शकूला, पेटी शिकवायच्या बोलीवर. पायपेटी कपाटाएवढी उभी होती. खाली दोन पायट्या. त्या पायानं आळीपाळीनं दाबायच्या, की आतला भाता भरायचा. गावात तिला सगळे पियानोच म्हणायचे. ती बैलगाडीतून उतरवली तेव्हा अर्धं गाव मयतीला जमावं तसं गप्प उभं होतं.

अण्णांनी मास्तरांना विचारलं, माझ्या पोरीला शिकवाल का. मास्तर लगेच म्हणाले, "पाठवा की हो."

"लगीच व्हय म्हनला?" मायनं विचारलं.

"लगीच."

"आन् तुमाला 'अहो' म्हनला?"

"म्हनला."

"मग काहीतरी काळंबेरं हाय," माय म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

दुपारी, दोन्ही वेळच्या दुधाच्या मधल्या वेळेत, माझी शिकवणी. त्या खोलीचा वास मला आजही ओळखता येईल. भिंतीपलीकडं युरियाची पोती, शेंगदाण्याची पेंड, उंदरांच्या लेंड्या, आणि अलीकडं मास्तरांच्या तपकिरीचा आणि पायपेटीच्या जुन्या कातड्याचा वास. पत्र्यावर ऊन तडतडायचं. पायटी दाबली की पेटी आधी दम घ्यायची, आणि मग सूर यायचा. त्या दोन्हीच्या मधला तो जरासा थांबा मला फार आवडायचा. तेवढ्यात मी सगळं जग विसरायचे, टँकरची रांगसुद्धा.

मास्तर हाताला धरून शिकवायचे नाहीत. पेन्सिलीनं पट्टी दाखवायचे. पेन्सिल सगळ्यांनाच होती की मलाच, हे मी पुष्कळ दिवस शोधून काढायचा प्रयत्न केला. मला ते कळलं नाही, आणि आता सांगायला कुणी उरलेलं नाही.

पेन्सिल पहिल्या पट्टीवर ठेवली. सा. दुसरीवर रे. तिसरीवर ग. मग ती चौथी पट्टी ओलांडून पाचवीवर गेली. प. सहावीवर ध. सातवी सोडली, आणि वरचा सा.

"वाजव."

मी वाजवलं. सा रे ग प ध सा. सा ध प ग रे सा. त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी तेवढंच, जरा जलद. मग दोन-दोन वेळा. मग उड्या मारत. मग एकेका सुरावर श्वासभर थांबून. आठवडे गेले. आमच्या बाभळी पिवळ्या फुलल्या, हरभऱ्याला घाटे धरले, आणि मी आपली पाचांवर. चौथ्या पट्टीवरनं बोट उचलून पलीकडं टाकताना मी तिच्याकडं बघायचे. ती बाकीच्यांपेक्षा स्वच्छ दिसायची. बाकीच्या बोटं लागून लागून पिवळ्या पडलेल्या, आणि ही आणि ती सातवी पांढऱ्या. मला त्या दोघींचा राग यायला लागला, जसं काही त्याच मला घरात घेत नव्हत्या.

संध्याकाळी वस्ती माझी परीक्षा घ्यायची. समाजमंदिरात हातपेटी पुढ्यात ठेवायची, आणि किसनतात्या म्हणायचे, "हां, आज काय दिलं मास्तरनं?"

मी पाच सूर वाजवायचे.

"हे तर काल बी व्हतं."

"आज जलद शिकवलं."

तात्या मग त्यांच्या गाण्याची ओळ धरायचे आणि मी बोटांनी तिच्या मागं पळायचे. दोन पावलं बरोबर पडायची, तिसऱ्याला खड्डा. तात्यांचा आवाज जिथं जायचा तिथं माझ्याकडं पट्टीच नसायची. मी भलतीच दाबायचे आणि म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावायच्या. तात्या हसायचे नाहीत. डोळे बारीक करून विचारायचे, "सूर किती असत्यात गं?"

"सात. सा रे ग म प ध नि. शाळेत सांगितलंय."

"आन् तुला किती दिलेत?"

"पाच."

सगळं समाजमंदिर गप्प व्हायचं. त्या गप्प बसण्यात काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं. वस्तीत जो तो काहीतरी अर्धंच मिळालेला माणूस होता. कुणाला शाळेत बाहेर बसवून अर्धी बाराखडी, कुणाला शेतात अर्धी मजुरी, कुणाला ओंजळीत वरून ओतलेलं अर्धं पाणी. आता सुरातही अर्धं. बोलून कुणी दाखवलं नाही, पण प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकली.

माझ्या मायनंच ती शंका बोलून दाखवली. "आपली जयंती वाजू नये म्हनून म आन् नि दाबून ठेवलेत त्यानं. चेअरमनच्या पोरीला बघ, सगळे दिले असतील."

मी बघितलं. म्हणजे ऐकलं. शकूची शिकवणी माझ्या आधी असायची. एके दिवशी मी लवकर गेले आणि गोडाऊनच्या बाजूनं, खिडकीखाली, पेंडीच्या पोत्याला टेकून बसले. कान टवकारले. आणि शकूनं वाजवलं. सा रे ग म प ध नि सा. सातच्या सात, सरळ, एकही न ओलांडता. मग कुठलंतरी रेडिओवरचं गाणं, अडखळत. मास्तर आतून म्हणत होते, "हां, चालेल, चालेल."

माझे कान तापले. मी त्या दिवशी आत गेलेच नाही. घरी येऊन मायच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडले. मला जयंतीचं वाईट वाटत नव्हतं, खरं सांगते. मला मास्तर आवडायचे, त्याचं वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर आले. सोसायटीचा खाकी शर्ट, पायात धुतलेल्या वहाणा. आत आले नाहीत, उंबऱ्याशी उभे राहिले. मास्तर "या, बसा" म्हणाले तरी बसले नाहीत.

"मास्तर, पोरीला पाचच सूर का?"

"भूप आहे तो. भूपात पाचच असतात. म आणि नि वर्ज्य."

"वर्ज्य म्हंजी?"

"म्हणजे... घ्यायचे नाहीत. त्यांना त्यात जागा नाही."

अण्णांचा चेहरा मी बाजूनं बघत होते. जबड्याचं हाड हललं. "नसत्यात म्हंजी? सात असताना पाच कसे झाले? कुनी काढले?"

मास्तर गोंधळले. मग हसून म्हणाले, "अहो, आधीपासून असंच आहे ते. परंपराच आहे."

"आधीपासून असंच," अण्णा सावकाश म्हणाले. "हे आमी लई ऐकलंय मास्तर. आडावर ऐकलंय, शाळेत ऐकलंय. पेटीत बी तेच असंल असं वाटलं नव्हतं." आणि ते निघाले. मी मास्तरांकडं बघितलं नाही, अण्णांच्या वहाणांकडं बघत मागनं चालत राहिले.

घरी तो निकाल एका शब्दात झाला. "तयार उत्तर दिलं," अण्णा म्हणाले, आणि मायनं मान हलवली. तरी मास्तरांनी सांगावा धाडला, उद्यापासून म देतो, पाठवा. सगळ्या वस्तीत बातमी पसरली, की अण्णा जाऊन बोलले आणि म सुटला. मी उड्या मारत गेले. पेन्सिल पहिल्या पट्टीवर ठेवली, सा. दुसरीवर, रे. मग तिसरी ओलांडून त्या पांढऱ्याशुभ्र चौथीवर. म!  किती दिवस मी त्या पट्टीच्या दारात उभी होते. मग प, ध, सा. मी वाजवलं, परत वाजवलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं.

"मास्तर, ग?"

"दुर्गा आहे ही. हिच्यात ग नाही. नि पण नाही."

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढं होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. "एक दिला आन् एक काढून घेतला?"

"व्हय."

"म्हंजी पाचाचे पाचच!"

किसनतात्यांनी तर कपाळावर हात मारला. "अरे, ह्यो मानूस हाय का सावकार! एका हातानं देतो आन् दुसऱ्या हातानं खिसा कापतो!"  अण्णा सकाळी उठून म्हणाले, "आता जायाचं न्हाय तिकडं." आणि माझी शिकवणी बंद झाली.

त्या रिकाम्या दुपारा मला अजून टोचतात. फाल्गुनातलं ऊन, पळसाच्या पत्रावळ्या लावत ओसरीला बसलेली माय, आणि वारा इकडचा असला की गोडाऊनकडून येणारा पायपेटीचा आवाज. मास्तर एकटेच वाजवत असायचे. भूपच. मी माझ्या मांडीवर, पत्रावळीवर, पाटीवर तो बोटांनी वाजवायचे. आणि मला एक गोष्ट कळायला लागली होती, ती घरात बोलायची सोय नव्हती. पाच सुरांत काही कमी आहे असं ऐकताना वाटतच नव्हतं. माझ्या कानाला ते पुरं वाटायचं. मग मला माझ्या कानाचाच संशय यायचा. आपल्याला अर्ध्याचीच सवय लागली असेल, म्हणून अर्धं पुरं वाटत असेल, असं मनात येऊन मी बोटं मुठीत दाबून ठेवायचे.

जयंती महिन्यावर आली. वस्तीत पताकांचे कागद कापायला सुरवात झाली, खळीचा वास सुटला, आणि पेटीचा विषय कुणी काढेना. माय मला एकदा म्हणाली, "जाऊ दे, ढोलकी हाय की."  आडावरची ती पोरं तिला दिसत होती, मला कळत होतं.

अशात एका संध्याकाळी मास्तर सोसायटीत आले. दूध घालायच्या रांगेत उभे राहिले. मी अण्णांचा डबा घेऊन गेले होते, कॅनच्या मागं उभी होते. मास्तरांच्या हातात ना तांब्या ना कॅन. त्यांचा नंबर आला. अण्णांच्या हातात कांडी तशीच, तिच्यावरून दूध ठिबकत होतं.

"दूध कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"दूध नाही. तुम्ही विचारलं होतं ना, कुणी काढले म्हणून."

"व्हय."

"मला माहीत नाही." मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. "लई विचार केला. गुलबर्ग्याला माझ्या उस्तादांनी मला असंच शिकवलं. सहा महिने भूप, मग दुर्गा, मग पुढचं. मी कधी विचारलं नाही त्यांना, की हे दोन कुठं गेले. विचारायचं असतं हेच सुचलं नाही. भूप गोड का लागतो ते मी वाजवून दाखवीन. पण कुणी काढले ते मला खरंच माहीत नाही."

मागच्या रांगेतली माणसं कान देऊन ऐकत होती. अण्णा कांडीकडं बघत होते.

"आन् चेअरमनच्या पोरीला सात?"

"तिला पाहुण्यांपुढं दोन गाणी वाजवायचीत. लग्न ठरलं की पेटी बंद. तिला बोटं ठेवायला शिकवतो. हिला पेटी शिकवतो."

हे उत्तर जरा तयारच होतं, आणि अण्णांची भुवई हललेली मी बघितली. पण पहिलं उत्तर त्यांच्या आत गेलं होतं. कांडी हातात फिरवत ते तिथंच उभे राहिले. मागून एक म्हातारी ओरडली, "आरं, दूध नासंल माझं!" तेव्हा ते म्हणाले, "उद्या यील पोरगी."

घरी मायनं विचारलं, "असं काय सांगितलं त्यानं, की तुम्ही इरघळलात?"

"माहीत न्हाय म्हनला."

"मग?"

"आजवर मला कुठल्या मास्तरानं, तलाठ्यानं, डॉक्टरनं 'माहीत न्हाय' म्हनून सांगितलंय का? सांग बरं. ह्या मानसात भेसळ न्हाय." मग माझ्याकडं वळून, बोट दाखवून, "तरी ध्यान ठेव. नि कधी देनार इचार."

मी विचारलं. मास्तर म्हणाले, "येईल. घाई नको." दोन्ही राग आता ते रोज घोटवून घ्यायचे. भूपातला ग आणि दुर्गेतला म समाजमंदिरात एकत्र आले आणि किसनतात्यांच्या ओळीतले खड्डे बुजायला लागले. सहा सूर झाले. पण तात्यांची ओळ शेवटाला वर जायची, नेमकी नि ला टेकायची आणि मग खाली यायची. तिथं मी अडायचे. मास्तरांनी दिला नाही तो सूर नुसता दाबायला माझं मन धजत नव्हतं. चुकीचा लागला तर सगळ्यांपुढं शोभा. तीनदा अडले, चौथ्यांदा रडकुंडीला आले, तेव्हा तात्यांनी ढोलकीवाल्याला हातानं थांबवलं.

"हे बघ पोरी. तिथं तू हात उचलायचा. बिनघोर उचल. त्यो सूर पेटीत नसला तर नसू दे, आमच्या गळ्यात हाय. तिथं आमी हाओत."

जयंतीच्या संध्याकाळी समाजमंदिरापुढं सतरंज्या अंथरल्या. गावातली माणसं कडेला उभी, आडावरची ती पोरंही. मास्तर येतो म्हणाले होते. माय म्हणत होती, "येत न्हाय. आला तर लांब उभा राहील." मास्तर आले आणि पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसले. माय त्यांच्याकडं संशयानं बघतच राहिली, की आता हा उठतोय का मग.

मी वाजवायला लागले.  सा, रे, ग, सगळे आपापल्या जागी निघाले. तात्या गात होते, मागं पार्टी. ओळ वर चढली, नि आला, मी हात उचलला. पेटी गप्प. आणि त्या जागेवर सगळी वस्ती गायली. तात्या, माय, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या म्हाताऱ्या, पताका धरून उभी पोरं, सगळ्यांच्या गळ्यातून तो एकच सूर निघाला. मग मी परत बोटं ठेवली. प्रत्येक कडव्याला तसंच. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि दोन्ही हात पेटीवर, पुसायचं कशानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालताना एकजण म्हणालाच, "काल तुमची पेटी मधीच बंद पडत व्हती वाटतं." अण्णांनी त्याच्या दुधात कांडी सोडली. "एक सूर यायचाय अजून," ते म्हणाले. "मास्तर देनार हायेत." मी जन्मात पहिल्यांदा अण्णांना कुणाच्या भरवशावर बोलताना ऐकलं.

आणि मास्तरांनी नि दिला. वैशाखातली दुपार होती, पत्रा नुसता भाजत होता. पेन्सिल सातव्या पट्टीवर गेली. एक नाही, दोन नि दिले. चढताना पांढरा, उतरताना काळा. सारंग, म्हणाले. मला आनंदानं काही सुचेना. सा रे म प नि सा. दोनदा वाजवलं आणि माझी बोटं थांबली. ग नव्हता. ध पण नव्हता. ह्या खेपेला दोन नेले होते.

मी सोसायटीकडं पळत गेले, आणि जवळ आल्यावर सावकाश चालायला लागले. आता परत बंद होणार. सांगू नये असंही वाटलं. पण अण्णांनी माझं तोंड बघूनच ओळखलं.

"दिला का नि?"

"दिला. दोन दिले."

"मग?"

"ग आन् ध नेले."

अण्णांनी कांडी फडक्यानं पुसली. वरपासून खालपर्यंत, सावकाश.  मग त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं उलटी-सुलटी करून बघितली. त्यांच्या हाताला दुधाचा आणि सोड्याचा वास येत होता.

"नेऊ दे की," ते म्हणाले. "नेऊन कुठं नेतोय? तुझ्या ह्या बोटात हायेत ते. आता कुनाच्या बापाला काढून घेता येत न्हाईत."

आणि पुढच्या बाईला म्हणाले, "हां मावशी, आना तुमचं दूध."